कॉन नावाचं फोल्डर

हा लेख वाचायला घेण्याआधी एक छोटा प्रयोग करून पाहा. शाळेतल्या संगणकावर बहुधा विंडोज असेल. डेस्कटॉपवर रिकाम्या जागी माउसचं उजवं बटण दाबून एक नवीन फोल्डर तयार करा आणि त्याला इंग्रजीत सी, ओ, एन अशा तीन अक्षरांचं 'कॉन' हे नाव द्या. अक्षरं मोठ्या लिपीतली असोत की लहान, काही फरक पडत नाही. विंडोज ७ किंवा १० असेल तर 'उपकरणाचं नाव अवैध आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश समोर येईल. जुन्या विंडोज एक्सपीमध्ये तेवढंही सौजन्य नव्हतं. आपण दिलेलं नाव गुपचूप पुसलं जायचं आणि त्या जागी पुन्हा 'न्यू फोल्डर' उमटायचं.

आता हेच नाव देवनागरीत 'कॉन' असं टाइप करून पाहा. फोल्डर मुकाट्यानं तयार होतं!

हा प्रयोग मुलांना पुष्कळदा आपल्याआधी माहीत असतो. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडे एक ई-मेल हजारो लोकांपर्यंत पोचली होती. 'कॉन नावाचं फोल्डर तयार करता येत नाही हे एका भारतीयानं शोधून काढलं, आणि असं का होतं हे बिल गेट्ससकट सगळ्या मायक्रोसॉफ्टला सांगता आलं नाही', असा तिचा आशय होता. पुढे कोणी तरी तिच्यात भर घातली, की लहानपणी बिल गेट्सना मुलं 'कॉन' म्हणून चिडवत, म्हणून त्यांनी ते नावच बंद करून टाकलं. ई-मेल जाऊन मोबाइल आले, तरी ही गोष्ट अजून नव्या नव्या मुलांच्या हाती लागते. वर्गात एखादा मुलगा ती सांगतो, करून दाखवतो, आणि प्रयोग खरा निघाल्यामुळे गोष्टही खरी मानली जाते. 'प्रयोग खरा' आणि 'त्याचं सांगितलेलं कारण खरं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना दाखवायला याहून स्वस्त साधन मिळणार नाही.

खरं कारण काय? आणि इतक्या लोकांना माहीत असलेली ही अडचण इतक्या वर्षांत कोणी दुरुस्त का केली नाही? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. फाईली ठेवणं, शोधणं, त्यांच्या नकला करणं ही कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला फाईल मॅनेजर म्हणतात. विंडोजमध्ये त्याचं नाव एक्सप्लोरर, मॅकिन्टॉशवर फाइंडर. संगणकावर बसणारा प्रत्येक माणूस दिवसातून कित्येकदा त्याच्याशी बोलतो. त्यात काही बारीकसारीक दोष वर्षानुवर्षं, आवृत्तीमागून आवृत्ती तसेच राहतात आणि वापरणारा वैतागतो. 'एवढे हुशार लोक, एवढा पैसा, आणि एवढंसं जमू नये?' हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे.

एका खोलीचं घर

१९९० च्या सुमारास ज्यांनी संगणकाचा वर्ग केला असेल त्यांना 'कॉपी कॉन' ही आज्ञा नक्की आठवेल. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. 'कॉपी कॉन' आणि पुढे फाईलचं नाव टाइप करायचं, मग मजकूर टाइप करायचा, शेवटी कंट्रोल आणि झेड ही बटणं एकदम दाबून एंटर मारायचं, की फाईल तयार. आपण घोकून पाठ केलेल्या त्या आज्ञेतलं 'कॉन' म्हणजेच आपलं आजचं कॉन.

डॉसमध्ये 'कॉन' हे 'कन्सोल' या शब्दाचं लघुरूप आहे. कन्सोल म्हणजे आपल्यापुढचा कळफलक आणि पडदा. 'कॉपी कॉन'चा अर्थ होता, 'कळफलकावरून जे येईल त्याची या नावाच्या फाईलमध्ये नक्कल कर.' तसंच 'पीआरएन' म्हणजे प्रिंटर, 'एयूएक्स' म्हणजे जोडीला लावलेलं दुसरं एखादं उपकरण, आणि 'एनयूएल' म्हणजे काहीच नाही, तळ नसलेली टोपली. नको असलेला मजकूर तिकडे पाठवायचा. उपकरणालाही फाईलसारखंच एक नाव द्यायचं ही कल्पना फार सोयीची होती. फाईलची नक्कल दुसऱ्या फाईलमध्ये करायची असो की कागदावर छापायची असो, आज्ञा एकच, 'कॉपी'. फक्त पुढचं नाव बदलायचं. आज्ञा कमी आणि कामं जास्त.

ही पद्धत डॉसनं आपल्या आधीच्या सीपीएम या प्रणालीकडून उचलली. सीपीएम गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये लिहिली. तिच्या धर्तीवर टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये जी प्रणाली बनवली, तीच पुढे मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली आणि १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस म्हणून बाजारात आणली.

या १९८१ च्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. फ्लॉपीवर जागा १६० किलोबाइट. आज मोबाइलनं काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यावर मावणार नाही. त्या फ्लॉपीवर फार तर ६४ फाईली, आणि सगळ्या एकाच यादीत. एका खोलीचं घर म्हणा ना. त्यात 'कॉन' हे नाव राखून ठेवलं तर कोणाचं काय बिघडणार? फाईलला दुसरं कुठलंही नाव द्या.

मग १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला पीसी आला. एकाच यादीत हजार फाईली ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरं आली. तेव्हा त्यांना डिरेक्टरी म्हणत. एका खोलीच्या घराचा वाडा झाला. आता राखीव नावांचं काय करायचं? ती एकाच दालनात ठेवता आली असती. पण मग अडचण अशी, की तोपर्यंत लिहिलेल्या प्रोग्रॅमांना दालनं ठाऊकच नव्हती. छपाई करायची की 'पीआरएन' एवढं म्हणून ते मोकळे होत. माणूस ज्या फोल्डरात उभा असेल तिथून ते नाव चाललं नाही, तर छपाई बंद! म्हणून राखीव नावं प्रत्येक फोल्डरात लागू ठेवली गेली. वाड्यातल्या प्रत्येक खोलीत एकेक अदृश्य कॉन, एकेक अदृश्य पीआरएन येऊन बसला.

यात आणखी एक गाठ होती. काही प्रोग्रॅम फाईलच्या नावामागे आपणहून शेपूट जोडत. तुम्ही 'पीआरएन' म्हणालात की ते 'पीआरएन डॉट टीएक्सटी' करत. तेही चालावं म्हणून नावाची शेपटी न पाहण्याचं ठरलं. त्यामुळे कॉन डॉट टीएक्सटी हे नावही बाद झालं. राखीव नावांची मायक्रोसॉफ्टनं दिलेली मूळ यादी एकंदर २२ नावांची आहे. वरची चार, शिवाय सीओएम १ ते ९ आणि एलपीटी १ ते ९.

दोषाला लटकलेली घरं

बरं, हे सगळं १९८३ चं. विंडोज ९५ आली, एक्सपी आली, १० आली. आता 'पीआरएन' म्हणून छापणारा प्रोग्रॅम शोधूनही सापडायचा नाही. मग आता तरी ही नावं मोकळी का करू नयेत?

याचं उत्तर देणारं एक सुंदर उदाहरण आहे. डॉसच्या काळात एक नवा प्रोग्रॅम संगणकावर चढवताना आधी बघावं लागे, की अमुक फोल्डर तिथे आहे की नाही. 'फाईल आहे का' हे विचारण्याची आज्ञा डॉसमध्ये होती. 'फोल्डर आहे का' हे विचारण्याची धड सोय नव्हती. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, की प्रत्येक फोल्डरात तो अदृश्य 'एनयूएल' असतोच. तेव्हा 'या फोल्डरात एनयूएल नावाची फाईल आहे का' असं विचारायचं. उत्तर 'हो' आलं तर फोल्डर आहे. 'नाही' आलं तर तळ नसलेली टोपली ठेवायला खोलीच नाही, म्हणजे फोल्डर नाही! ही युक्ती इतकी पसरली, की असंख्य छोट्या छोट्या आज्ञावलींमध्ये ती जाऊन बसली. कार्यालयांत, कारखान्यांत, बँकांत रोज रात्री आपोआप चालणाऱ्या या आज्ञावली लिहिणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असतो, आणि त्या चालतात हेही कोणाच्या लक्षात नसतं. ज्या दिवशी मायक्रोसॉफ्ट ती राखीव नावं काढून टाकील, त्या दिवशी त्या बंद पडतील आणि लोक म्हणतील, 'नवी विंडोज बिघडलेली आहे.'

म्हणजे ज्याला आपण दोष म्हणतो त्याच्याच आधारानं कोणी तरी आपलं घर बांधलेलं असतं. जुन्या गावात रस्त्याला आलेलं वळण गैरसोयीचं असतं, पण सरळ करायला गेलो तर चार घरं पाडावी लागतात. फाईल मॅनेजरमधले पुष्कळ चिवट दोष या जातीचे असतात.

काढून टाकता येत नाही म्हणून त्या दोषाचा त्रास कमी असतो असं मात्र नाही. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एकाच पत्त्यात 'कॉन'च्या आत पुन्हा 'कॉन' असं लिहिलं की अख्खा संगणक निळा पडदा दाखवून कोसळत असे. दूरच्या माणसालाही तो तसा पाडता येई. ही भानगड २००० च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं दुरुस्त केली. पण नीट पाहिलं तर काय दुरुस्त झालं? कोसळणं थांबलं. नाव राखीवच राहिलं. लिनक्स प्रणालीत असली बंधनं नाहीत, आणि तिच्या मूळ आज्ञावलीत 'एयूएक्स डॉट सी' नावाची फाईल आहे. तो सगळा संच साध्या पद्धतीनं विंडोजवर उतरवायला गेलं की तो त्या एका नावाशी अडतो.

माझ्या मते राखीव नावं न काढण्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. समजण्यासारखा नाही तो संदेश. फोल्डरला नाव देणाऱ्या मुलीनं कुठल्याही उपकरणाचं नाव घेतलेलं नसतं. तिला 'उपकरणाचं नाव अवैध' असं सांगणं म्हणजे १९८१ सालच्या माणसानं पडद्याआडून पुटपुटल्यासारखं आहे. 'हे नाव प्रणालीसाठी राखून ठेवलेलं आहे, कृपया दुसरं द्या' एवढं लिहिल्यानं कुठलाही जुना प्रोग्रॅम बंद पडला नसता. आणि ती बिल गेट्सची गोष्टही बहुधा जन्माला आली नसती.

दोनशे साठ चौकटी

कॉनमुळे कोणाचं काम अडल्याचं फारसं ऐकायला येत नाही. पण याच घराण्यातला दुसरा एक दोष आहे, ज्यामुळे शाळेची वर्षभराची मेहनत जाऊ शकते. तो जरा सावकाश पाहू.

समजा, एका शिक्षिकेनं विद्यार्थ्यांचे प्रकल्प संगणकावर नीट लावून ठेवले आहेत. आधी वर्षाचं फोल्डर, त्यात इयत्तेचं, त्यात तुकडीचं, त्यात विषयाचं, त्यात गटाचं, आणि आत फाईल. फाईलचं नावही सविस्तर, 'आमच्या गावातील विहिरींच्या पाण्याच्या पातळीची उन्हाळ्यातील व पावसाळ्यातील नोंद' असं. व्यवस्थित माणसाचं काम. पुढे संगणक बदलायचा ठरतो. कोणी तरी सगळ्यात वरच्या फोल्डरचं नाव बदलून 'जुन्या संगणकावरील सर्व कागदपत्रे, तपासून पाहणे बाकी' असं करतं. मग सगळं पेनड्राइव्हवर घ्यायला जावं तर मध्येच संदेश येतो, की नाव फार लांब आहे. खाली 'स्किप' असं बटण, आणि 'सगळ्यांसाठी हेच करा' अशी एक चौकट. घाईत माणूस चौकटीत खूण करतो, बटण दाबतो. काम पूर्ण होतं. जुना संगणक भंगारात जातो. कोणत्या फाईली आल्याच नाहीत हे कळतं तेव्हा सहा महिने झालेले असतात.

इथे 'नाव लांब' म्हणजे फाईलचं नाव नव्हे, तर तिचा पूर्ण पत्ता. ड्राइव्हपासून सगळ्या फोल्डरांची नावं ओलांडत फाईलपर्यंत जाणारा. विंडोजमध्ये या पत्त्याला पूर्वापार २६० जागा दिलेल्या आहेत. ड्राइव्हचं अक्षर, त्यापुढची दोन टिंबं आणि एक उलटी तिरकी रेघ मिळून ३, नावांसाठी २५६, आणि शेवटी 'पत्ता संपला' असं यंत्राला सांगणारी अदृश्य खूण १.

गंमत म्हणजे विंडोजच्या गाभ्याला एवढ्या आखूड पत्त्याची मुळीच गरज नाही. १९९३ मधल्या विंडोज एनटीपासून गाभा सुमारे ३२ हजार अक्षरांचा पत्ता सांभाळू शकतो. कोठारात जागा भरपूर, पण खिडकीवरच्या कारकुनाकडचा अर्ज आखूड, असा प्रकार.

मग अर्ज मोठा का छापत नाहीत? शाळा सोडल्याच्या दाखल्याचा छापील नमुना डोळ्यांपुढे आणा. नावासाठी ठरावीक चौकटी, त्यालगत जन्मतारखेच्या. असे कोरे दाखले छापून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत वाटून झालेले आहेत. उद्या वरून आदेश निघाला, की नाव कितीही लांब असू शकेल. तर जुन्या नमुन्यावर लिहिताना लांब नाव जन्मतारखेच्या चौकटीत घुसेल, आणि तारीखच बदलेल. प्रोग्रॅममध्ये हुबेहूब हेच होतं. विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं पत्त्यासाठी स्मृतीत मोजून २६० जागा राखल्या. त्याहून लांब पत्ता आला तर तो शेजारच्या जागेवर सांडतो आणि तिथली माहिती पुसतो. प्रोग्रॅम कोसळणं हे त्यातलं बरं फळ. चूक न दाखवता चुकीचं काम करत राहणं हे वाईट. म्हणून मर्यादा सरसकट उठवणं मायक्रोसॉफ्टला धोक्याचं वाटलं. २०१६ मध्ये विंडोज १० च्या एका सुधारणेत ती उठवण्याची सोय आली, पण दोन अटींवर. संगणकाच्या मालकानं ती मुद्दाम चालू करायची, आणि प्रोग्रॅमनंही 'मला लांब पत्ते पेलतात' असं जाहीर करायचं. एक्सप्लोररनं तसं जाहीर केलं नाही! मर्यादा उठली, पण जिथे लोकांना ती बोचत होती तिथे ती राहिलीच.

इथे मराठी वाचकाच्या मनात शंका येईल, की देवनागरीला जागा जास्त लागते का? वर्गात मोजण्यासारखं आहे. 'विज्ञान प्रदर्शन' हे शब्द घ्या. डोळ्यांना वि, ज्ञा, न, प्र, द, र्श, न अशी सात अक्षरं दिसतात. संगणक मात्र व, वेलांटी, ज, हलन्ताची खूण, ञ, काना, न असं सुटं सुटं मोजतो. 'विज्ञान'चे सात, 'प्रदर्शन'चे आठ आणि मधली रिकामी जागा एक, असे सोळा. सातांचे सोळा झाले म्हणून हळहळण्याआधी 'सायन्स एक्झिबिशन' हे इंग्रजीत लिहून मोजा. अठरा! म्हणजे विंडोजच्या या हिशेबात आपली लिपी मुळीच तोट्यात नाही. लिनक्समध्ये आणि बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये हिशेब निराळा आहे. तिथे एका फाईलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. तिथे 'विज्ञान प्रदर्शन' ४६ बाइट खातं आणि इंग्रजी नाव १८. २५५ ला ३ नं भागा. काना-मात्रा-वेलांट्या धरून ८५ खुणा झाल्या की मराठी नाव संपलं. त्या शिक्षिकेच्या विहिरींच्या फाईलचं नाव यात मावतं का, ते मुलांना मोजायला सांगा. आधी अंदाज घ्या, मग मोजा.

आणि उपाय? शाळेचा संगणक बदलताना दोन गोष्टी कराव्यात. सर्वांत वरच्या फोल्डरांची नावं तात्पुरती एकेका अक्षराची करावीत, म्हणजे पत्ता आपोआप आखडतो. आणि नक्कल झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाईलींची संख्या जुळते का पाहावं. जुळेपर्यंत जुना संगणक हलवू नये.

तात्पुरतं आणि कोणाचंच नसलेलं

सगळेच चिवट दोष असे गुंतागुंतीचे नसतात. काही निव्वळ तात्पुरते म्हणून आलेले असतात. पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना विंडोज जी चौकट दाखवतं ती आठवा. एकाखाली एक पर्याय, अगदी ओबडधोबड. ती १९९४ मध्ये डेव्ह प्लमर या अभियंत्यानं लिहिली. विंडोज ९५ चं रूप एनटीवर आणण्याचं काम चालू होतं, आणि पुढे कोणी तरी देखणी चौकट करील तोपर्यंत चालेल म्हणून त्यांनी कागदावर पर्यायांची यादी करून ती तशीच पडद्यावर मांडली. तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, त्यांनी स्वतःच ही हकीकत सांगितली. देखणी चौकट आलीच नव्हती! फॅट३२ या पद्धतीनं ३२ गिगाबाइटहून मोठा ड्राइव्ह तिथून फॉरमॅट होत नाही, ही मर्यादाही आपणच ठरवली होती असं ते म्हणतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत ती २ टेराबाइटवर नेली, पण आज्ञा टाइप करणाऱ्यांसाठी; चौकटीतली मर्यादा त्यातून सुटली नाही. तात्पुरत्या शेडमध्ये वर्ग भरू लागले की पक्क्या इमारतीची निकड कशी संपते, हे शाळेतल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

मॅकिन्टॉशवर भरलेला पेनड्राइव्ह विंडोजवर लावला की प्रत्येक फोल्डरात 'डॉट डीएस स्टोअर' नावाची एक अनोळखी फाईल दिसते. पुष्कळांना तो व्हायरस वाटतो. तो व्हायरस नाही. फोल्डर कसं मांडलेलं दिसावं याची फाइंडरनं ठेवलेली ती टिपण आहे. १९९९ मध्ये ज्या गटानं फाइंडर नव्यानं लिहिला त्यातल्याच एका अभियंत्यानं २००६ मध्ये लिहून ठेवलं आहे, की वापरणाऱ्यानं मांडणी बदलली तरच ती फाईल तयार व्हावी असा बेत होता; एका दोषामुळे ती नुसतं फोल्डर उघडलं तरी तयार होते. पुसून टाकली तरी चालते.

फुकट, सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रणालींची गोष्ट आणखी वेगळी. लिनक्सवरच्या पुष्कळ प्रोग्रॅमांत फाईल निवडण्याची जी चौकट उघडते ती जीटीके या संचातून येते. फोटो निवडायचा तर त्या चौकटीत फोटोंची छोटी चित्रं मांडून दिसत नसत, फक्त नावांची यादी. शंभर फोटोंतून हवा तो कॅमेऱ्यानं दिलेल्या आकड्यांवरून ओळखायचा. ही तक्रार २००४ मध्ये नोंदवली गेली. २०२२ च्या अखेरीस ती निकाली निघाली. अठरा वर्षं! तक्रार नोंदवली तेव्हा जन्मलेलं मूल एव्हाना मतदार झालं. इथे कोणाचं घर पडणार नव्हतं. काही जण आपल्यापुरता तो बदल करूनही घेत होते. पण मूळ संचात तो बसवायचा म्हणजे आतली जुनी मांडणी बदलायची, ती तपासायची आणि पुढे सांभाळायची. काम मोजक्या लोकांवर, आणि कोणाच्याच अंगावर नेमून दिलेलं नाही. हजारांना रोज थोडा थोडा होणारा त्रास कोणा एकाच्या कामाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर येत नाही.

जाता जाता, जो दोष नव्हे पण दोष समजला जातो असा एक प्रकार सांगायला हवा. नक्कल होताना 'दोन मिनिटं राहिली', मग 'अकरा मिनिटं', मग 'चाळीस सेकंद' अशी उडी मारणारा तो आकडा. ५०० मेगाबाइटचा एकच व्हिडिओ पेनड्राइव्हवर उतरवा आणि लागलेला वेळ नोंदवा. मग तितक्याच आकारमानाच्या पण शेकडो लहान फाईलींचं फोल्डर उतरवा. दुसऱ्याला बराच जास्त वेळ लागेल. प्रत्येक फाईलमागे नाव नोंदवणं, जागा शोधणं असं वेगळं काम असतं, मजकूर कितीही कमी असो. पुढच्या वाटेत मोठ्या फाईली किती आणि लहान किती यावर वेग ठरतो, आणि संगणक अंदाज बांधतो तो मागच्या वेगावरून. घाट चढणाऱ्या एसटीत बसून सपाटीवरच्या वेगानं हिशेब करण्यासारखं आहे हे. हा आकडा थोडा सुधारता येईल. अचूक करता येणार नाही.

मुलांनी संगणकाबद्दल तक्रार केली तर तिच्याकडे आपण 'पुन्हा चालू करून बघ' म्हणून पाहतो. त्याऐवजी तिला लिहायला सांगावं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पुन्हा केलं तर पुन्हा होतं का, दुसऱ्या संगणकावर होतं का. दोष नोंदवण्याची जगभरची रीत हीच आहे, आणि प्रयोगवहीत आपण याहून वेगळं काही लिहून घेत नाही. जी तक्रार अशी लिहिता येत नाही ती दुरुस्त होण्याची शक्यताही कमी, कारण दुरुस्त करणाऱ्याला आधी तो दोष आपल्यासमोर घडवून आणावा लागतो.

कॉनचा प्रयोग करून झाला असेल तर त्याच संगणकावर आणखी एक करा. 'स्टार्ट'मध्ये जाऊन इंग्रजीत सी, एम, डी ही अक्षरं टाइप करून एंटर दाबा. तोच काळा पडदा उघडेल. तिथे 'कॉपी कॉन' आणि पुढे एखादं फाईलचं नाव टाइप करा, एंटर दाबा. एका विद्यार्थ्याला चार ओळी टाइप करू द्या. मग कंट्रोल आणि झेड, आणि एंटर. 'एका फाईलची नक्कल झाली' अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटेल. आता एक्सप्लोरर उघडून ती फाईल शोधा आणि मुलांना विचारा, की जे नाव फोल्डरला चाललं नाही, त्यानं आत्ता काय काम केलं?